पेन्शन नाकारली म्हणून पणजोबा खोटे ठरत नाहीत

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सासर आयर्लंडमधल्या वेस्ट कॉर्कचं. नवऱ्याचे पणजोबा १९२०-२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात आयआरएत (आयरिश रिपब्लिकन आर्मीत) होते, ‘कॉलममध्ये’, म्हणजे फिरत्या लढाऊ तुकडीत होते, असं घरात सगळे सांगत आले. काळ्या-तपकिरी फितीचं एक पदकही घरात आहे. आता डब्लिनच्या मिलिटरी आर्काइव्हजमधून त्यांची पेन्शनची फाइल मिळाली आणि तिच्यात १९४१ साली अर्ज फेटाळल्याचं पत्र निघालं. कुणीतरी सांगितलं की पेन्शन नाकारली म्हणजे ते लढलेच नव्हते. नवरा तेव्हापासून गप्प आहे. पणजोबांची मुलगी, म्हणजे घरातली आत्याआजी, ८७ वर्षांची आहे; तिला हे सांगावं की नाही हेही कळेना. ही फाइल वाचायची कशी?

ताई, मी डब्लिनमध्ये राहून गेली बारा वर्षं आयरिश कुटुंबांसाठी याच फायली वाचतो आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या माणसांचे पडलेले चेहरे मी समोर बसून पाहिले आहेत, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. फेटाळलेला अर्ज म्हणजे खोटेपणाचा दाखला नव्हे. तुमच्या यजमानांना हे आजच सांगा, बाकीचं सावकाश वाचा.

आता ते नकाराचं पत्र पुन्हा हातात घ्या आणि त्यातलं नेमकं वाक्य बघा. १९३४ च्या कायद्याखालच्या बहुतेक नकारपत्रांत एकाच साच्याचं वाक्य असतं: रेफरींच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्यांच्या, अहवालानुसार अर्जदार ‘हा कायदा ज्यांना लागू होतो अशी व्यक्ती’ नाही. हजारो घरांत हेच वाक्य टपालाने पोचलं. वाचणाऱ्याला त्यातून ‘तू कुणीच नव्हतास’ एवढंच ऐकू आलं. पण वाक्य शांतपणे वाचा. तुम्ही आयआरएत नव्हता, तुम्ही लढला नाहीत, तुम्ही खोटं सांगितलंत, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नाही. कायद्याने आखलेल्या चौकटीत तुमची सेवा बसत नाही, इतकंच आहे. आणि ती चौकट फार अरुंद होती. १९२४ आणि १९३४ च्या दोन कायद्यांखाली मिळून ८० हजारांहून जास्त अर्ज आले आणि मंजूर झाले त्यांतले साधारण एक पंचमांश. बाकीच्या पाचांतल्या चार जणांना खोटारडे म्हणायचं, तर अख्ख्या खेड्याखेड्यांना खोटं म्हणावं लागेल.

हे दोन कायदे का झाले ते कळल्याशिवाय फाइल उलगडत नाही. ११ जुलै १९२१ ला ब्रिटिशांशी युद्धबंदी झाली, ६ डिसेंबरला करार झाला आणि त्या करारावरून कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. १९२२-२३ ची ती यादवी. कराराच्या बाजूचे जिंकले, सरकार त्यांचं आलं आणि १९२४ चा पेन्शन कायदा त्यांनी आपल्या माणसांसाठी केला: आधी व्हॉलंटिअर, म्हणजे आयआरएचा स्वयंसेवक सैनिक, म्हणून लढलेला आणि यादवीत सरकारी फौजेत असलेला माणूसच त्याखाली अर्ज करू शके. वेस्ट कॉर्कमधले लढवय्ये बहुतांशी कराराच्या विरोधात होते, म्हणजे त्यांना दहा वर्षं दारच बंद. १९३२ मध्ये करारविरोधी नेते डी व्हॅलेरा सत्तेवर आले, १९३४ मध्ये दुसरा कायदा झाला आणि करारविरोधी, तटस्थ राहिलेले आणि कुमान ना मान या महिला संघटनेच्या स्त्रिया यांना अर्ज करता येऊ लागला. तरीही अनेकांनी लगेच केला नाही. ज्या राज्याला आपण मानत नाही त्याच्याकडे हात कसा पसरायचा, ही भावना खरी होती. मग मुलं झाली, शेत पिकेना, आणि अर्ज गेला. तुमच्या फायलीतल्या अर्जावरची तारीख बघा. ती उशिराची असेल, तर त्यामागे अशीच काही वर्षांची ओढाताण असू शकते.

अर्ज आला की तो कायदेतज्ज्ञांतून नेमलेल्या ‘रेफरी’कडे आणि त्याच्या सल्लागार समितीकडे जाई. अर्जाचा नमुना काळाचे तुकडे पाडून प्रश्न विचारतो: १९१६ चा ईस्टरचा आठवडा, म्हणजे डब्लिनचा उठाव, मग १ एप्रिल ते ३१ मार्च अशी एकेक वर्षं, मग १ एप्रिल १९२१ पासून युद्धबंदीपर्यंतचे निर्णायक महिने, मग युद्धबंदीचा काळ, मग यादवी. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनीत होता, वरचा अधिकारी कोण, कोणत्या कारवाईत भाग घेतला. शेतात राबणाऱ्या माणसाने पंधरा-वीस वर्षांनी हे आठवून लिहायचं. दोन घटनांची वर्षं उलटी पडलेली दिसली, तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. उलट सगळ्या तारखा एखाद्या छापील पुस्तकातल्यासारख्या नेमक्या असतील, तेव्हा मी जास्त सावध होतो.

चौकटीतला कळीचा शब्द होता ‘सक्रिय सेवा’. कायद्याने या शब्दाची धड व्याख्या केलीच नाही. ती रेफरींच्या हातात राहिली आणि व्यवहारात तिचा अर्थ फार कडक निघाला. प्रत्यक्ष चकमकीत असणं, फिरत्या तुकडीबरोबर, म्हणजे फ्लाइंग कॉलमबरोबर, पूर्ण वेळ असणं, किंवा हुद्द्यामुळे जबाबदारीची कामं अंगावर असणं, हे मोजलं जाई. कवायत, रस्त्यात चर खणणं, झाडं पाडून वाट अडवणं, निरोप पोचवणं, पाळत ठेवणं, कॉलमला घरात आसरा देणं, हे ‘नेहमीचं कंपनीचं काम’ ठरे आणि बहुतेकदा बाजूला पडे.

तुमच्या सासरच्याच मुलखातलं उदाहरण घ्या. किलमायकल, २८ नोव्हेंबर १९२०. वेस्ट कॉर्कच्या कॉलमचे प्रमुख टॉम बॅरी यांच्या हाताखाली छत्तीसेक माणसं रस्त्याकडेच्या खडकांमागे दबा धरून बसली आणि ऑक्झिलियरींच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सहायक पोलीस दलाच्या, दोन लॉऱ्यांवर तुटून पडली. इतिहासाच्या पुस्तकात ती माणसं आली. पण ती रात्रभर पावसात चालत तिथे पोचली, ती वाट कुणीतरी आधी पाहून ठेवली होती. परतताना त्यांना कुणाच्या तरी घरात चहा आणि पाव मिळाला. डिसेंबर १९२० पासून कॉर्कमध्ये लष्करी कायदा होता. हत्यार किंवा बंडखोराला आसरा या कारणांवरून माणसाला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं जाई आणि घर जाळलं जाई. १९२१ च्या वसंतात लॉऱ्या अडवण्यासाठी रात्री रस्ते खणायचे आणि सकाळी सैनिकांनी त्याच गावातल्या बाप्यांना बंदुकीच्या धाकाने तेच चर बुजवायला लावायचे, असं चालू होतं. धोका सगळ्यांनाच होता. कायद्याने फक्त त्याचं एक टोक मोजलं.

मी वाचलेल्या एका फायलीचं एक पान अजून डोळ्यासमोर आहे. माणसाला समितीपुढे शपथेवर जबानीला बोलावलं होतं. टंकलिखित दीड पान, बस. तुम्ही अमुक हल्ल्यात होता का? नाही, मी मैलभर अलीकडे चौफुल्यावर उभा होतो, लॉऱ्या दिसल्या की खूण करायला. बंदूक होती? शॉटगन होती. झाडली? नाही, लॉऱ्या त्या बाजूने आल्याच नाहीत. किती वेळ उभे होता? अंधार असल्यापासून दुसरा अंधार पडेपर्यंत. पुढचा प्रश्न लगेच दुसऱ्या वर्षाचा. समासात पेन्सिलीने एक आडवी रेघ, तिथे काहीच लिहिलेलं नाही. त्या रेघेचा अर्थ मला पुढची चाळीसेक फायली वाचल्यावर कळला: या तुकड्यात मोजण्यासारखं काही नाही. एक अख्खा दिवस थंडीत, मृत्यूच्या वाटेवर उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्या नावावर शून्य. तुमच्या फायलीत अशी जबानी असेल तर तिच्यापासून वाचायला सुरुवात करा. अर्जात माणूस थोडा ताठ उभा असतो, जबानीत तो जसा आहे तसा बोलतो. ‘हो’ इतकंच ‘नाही’ही त्याने सांगितलं असेल, तर तो माणूस प्रामाणिक होता हे मी ठामपणे म्हणेन. खोटा दावा करणारा ‘बंदूक झाडली नाही’ असं शपथेवर कशाला सांगेल?

मी हे इतकं जीव तोडून का सांगतो, त्याला घरचं कारण आहे. माझे चुलत आजोबा मराठवाड्यातले. निजामाच्या राजवटीत सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातल्या मुलांना रात्री भाकऱ्या आणि निरोप पोचवत. आपल्याकडे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची केंद्राची पेन्शन सुरू झाली, तिला सहा महिने तुरुंगवास, भूमिगत असणं, असे पुरावे लागत आणि सहकैद्याचा दाखला चाले. आजोबा पकडलेच गेले नव्हते, त्यामुळे त्यांना सहकैदी कुठला? ज्याने दाखला द्यायचा तो माणूस वारला होता. अर्ज परत आला आणि त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. भाकऱ्या थापणाऱ्या आजीला तर अर्ज करावा हे सुचलंही नव्हतं. आयर्लंड आणि मराठवाडा यांचे कायदे वेगळे, काळ वेगळा, पण पकडला न जाणं हीच ज्याची हुशारी, त्याच्याकडे कागद नसतो, हे दोन्हीकडे सारखं.

नकार म्हणजे ‘लढले नाहीत’ असं कुणी पुन्हा म्हणालं, तर त्याला मार्गरेट स्किनिडर यांची गोष्ट सांगा. स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजच्या या शिक्षिका १९१६ च्या उठावात डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनजवळ, कॉलेज ऑफ सर्जन्सच्या छपरावरून बंदूक चालवत होत्या. हारकोर्ट स्ट्रीटकडे एका तुकडीचं नेतृत्व करत जाताना त्यांना तीन गोळ्या लागल्या. हे सगळ्या डब्लिनला माहीत होतं. १९२५ मध्ये त्यांनी १९२३ च्या कायद्याखाली जखमेची पेन्शन मागितली. सरकारी कायदे सल्लागाराने मत दिलं की कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द पुरुषांपुरताच आहे. जखमा खऱ्या, गोळ्या खऱ्या, उठाव खरा, आणि अर्ज नामंजूर. त्यांना पेन्शन मिळाली ती १९३८ मध्ये, म्हणजे लढाईनंतर बावीस वर्षांनी. १९३४ च्या कायद्याखाली पेन्शनला ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी होत्या आणि कुमान ना मानच्या स्त्रियांना ‘डी’ आणि ‘ई’ या शेवटच्या दोन श्रेणींच्या वर चढता येत नव्हतं, मग काम काहीही केलेलं असो.

आणि मंजूर झालेल्यांचंही सगळं गोड नव्हतं. खुद्द टॉम बॅरींना आधी ‘बी’ श्रेणी देऊ केली गेली. ज्यांच्या नावावर किलमायकल आणि क्रॉसबरीच्या लढाया आहेत त्या माणसाला! त्यांनी ती फेटाळून अपील केलं, तेव्हा ‘ए’ मिळाली. बॅरींना भांडता आलं, कारण त्यांना सगळं आयर्लंड ओळखत होतं. खेड्यातल्या साध्या व्हॉलंटिअरने कुणाच्या बळावर भांडायचं? पैशाचंही बघा. श्रेणीनुसार मंजूर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे वार्षिक दर ठरलेला होता, ‘ए’ला २५ पौंड, ‘ई’ला ५. एखाद्या साध्या सैनिकाची पाच वर्षं धरली तर वर्षाला २५ पौंड, म्हणजे आठवड्याला दहा शिलिंगसुद्धा नाहीत. सरकारी नोकरी असेल तर त्यातूनही कपात. एवढ्या रकमेसाठी माणसं वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिली, कारण पैशाइतकीच त्यांना ती सेवा केल्याची लेखी कबुली हवी होती. कित्येक पत्रांत हे ते स्पष्ट लिहितात.

आता नकाराची दुसरी बाजू, तीही मी लपवणार नाही. वाढवून सांगणारे होते. काहींनी दुसऱ्याच्या चकमकी आपल्या नावावर लावल्या, काही युद्धबंदीनंतर भरती झाले आणि आधीपासून होतो असं म्हणाले. पण याउलटही घडत असे. जुन्या ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांच्या समित्या अर्जांची पडताळणी करत, आणि त्यांचा होकार किंवा मौन यावर सगळं अवलंबून असे. यादवीत विरुद्ध बाजूला गेलेला शेजारी, बांधावरून झालेलं भांडण, अमेरिकेला गेलेला कॅप्टन, मारला गेलेला लेफ्टनंट: यातलं कोणतंही एक कारण माणसाची बाजू कमजोर करायला पुरेसं होतं. म्हणून फायलीत पडताळणीचं पत्र शोधा. अधिकाऱ्याने लिहिलेलं ‘आमच्या कंपनीत होता, चांगला माणूस होता, मोठ्या कारवाईत नव्हता’ अशा आशयाचं एक वाक्य सापडलं, तर तुमच्या घरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पेन्शनसाठी ते वाक्य घातक होतं. तुमच्यासाठी ते सोन्यासारखं आहे.

पुढचं काम फाइलच्या बाहेरचं. सगळ्यात आधी नामावली. १९३४ च्या कायद्यासाठी जुन्या ब्रिगेडांकडून कंपनीवार नावांच्या याद्या मागवल्या होत्या, ११ जुलै १९२१ या तारखेच्या आणि १ जुलै १९२२ या तारखेच्या. त्या स्कॅन करून आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत, ‘आरओ’ या मालिकेत. तुमचं कुटुंब कॉर्कच्या तिसऱ्या ब्रिगेडच्या हद्दीतलं दिसतं. पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या परिसराचं, नाव कळलं की बटालियन आणि कंपनी शोधणं अवघड नाही, कारण कंपन्या साधारण पॅरिशप्रमाणेच होत्या. पहिल्या तारखेच्या यादीत पणजोबांचं नाव असेल, तर युद्ध चालू असताना ते आयआरएत होते हे त्यांच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं आहे. यजमानांच्या मनातली खळबळ शमायला मला वाटतं एवढं पुरे. नाव इंग्रजीत सापडलं नाही तर आयरिश रूपात शोधा: जॉनचा शॉन होतो, विल्यमचा लियम, वॉल्शचा ब्रॅनख. एकाच कंपनीत एकाच नावाचे तिघे निघणंही नेहमीचं, तेव्हा घराच्या नावावरून, टाउनलँडवरून (पॅरिशमधल्या वाडीसारख्या लहान भागावरून) ताडा. १९११ ची जनगणना यासाठी उत्तम. तीही मोफत आहे आणि घरातल्या प्रत्येकाचं वय देते.

मग ‘ए’ मालिकेतल्या ब्रिगेडच्या कारवायांच्या फायली बघा. तिथे हल्ला, त्याची तारीख आणि भाग घेतलेल्यांची नावं असतात. काही ठिकाणी पाळतीवर आणि वाटा अडवायला कोण होतं तेही. त्यानंतर त्याच कंपनीतल्या इतरांच्या पेन्शन फायली. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझा अनुभव असा की माणूस स्वतःच्या फायलीत जितका दिसतो त्याहून जास्त शेजाऱ्याच्या फायलीत दिसतो. ‘अमुकच्या घरी आम्ही तीन रात्री होतो, त्याचा मुलगा पहाऱ्यावर होता’ असं कुणीतरी सहज लिहून गेलेलं असतं. शिवाय १९४७ ते १९५७ मध्ये ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीने १,७७३ जणांच्या सविस्तर साक्षी घेतल्या होत्या. त्या २००३ पर्यंत बंद होत्या, आता खुल्या आहेत. तिथे पेन्शनचा प्रश्न नव्हता, त्यामुळे सूर मोकळा आहे. वेस्ट कॉर्कच्या साक्षी बऱ्याच आहेत.

पदकाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ते पदक फार बोलकं वाटतं. ते भिंतीवरून काढा आणि फितीच्या वरच्या बाजूला धातूची आडवी पट्टी आहे का ते बघा. हे १९१७ ते १९२१ चं सेवापदक, १९४० च्या दशकात देऊ लागले. काळ्या आणि तपकिरी फितीमुळे लोक त्याला ‘ब्लॅक अँड टॅन’ पदक म्हणतात. ज्यांची सक्रिय सेवा मान्य झाली त्यांच्या पदकावर ‘कोम्रॅक’, म्हणजे आयरिशमध्ये लढा, असा शब्द असलेली पट्टी असते. पट्टी नसलेलं पदक युद्धबंदीआधीचे तीन महिने संघटनेचे सदस्य असलेल्यांसाठी होतं आणि ती पदकं कितीतरी जास्त दिली गेली. तुमच्याकडचं पट्टीविना असेल, तर ते १९४१ च्या पत्राशी जुळतंच: सदस्य होते, कायद्याच्या अर्थाने सक्रिय सेवा नव्हती. पट्टी असेल, तर मात्र गोष्ट १९४१ ला संपलेली नाही. १९४९ मध्ये दुरुस्ती कायदा झाला आणि आधी नाकारलेल्यांना पुन्हा अर्ज करायची संधी मिळाली. तुमच्या फायलीचे पुढचे कागद नीट चाळा. पानं तारखेच्या क्रमाने नसतात, त्यामुळे शेवटचं पान म्हणजे शेवटची घटना असं समजू नका. पदकांवर साधारणपणे नाव कोरलेलं नसे, म्हणून ते पणजोबांचंच होतं हे पक्कं करायला त्यांची पदकाच्या अर्जाची फाइल, ‘एमडी’ मालिकेतली, मागवा. सगळं अजून ऑनलाइन आलेलं नाही. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुलं करत आहेत. सापडलं नाही तर आर्काइव्हजला नाव, जन्मसाल, पत्ता देऊन ईमेल करा. वाचनालय रथमाइन्समधल्या कॅहल ब्रूहा बराकीत आहे, आधी वेळ ठरवून जावं लागतं, पण तिथली माणसं मनापासून मदत करतात.

पदकाला धरून आणखी एक कागद निघू शकतो. १९४० च्या दशकापासून पदकधारकांना, म्हातारपणी किंवा आजारपणात स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर उत्पन्न तपासून विशेष भत्ता मिळे. त्यासाठी चौकशी अधिकारी घरी येई. हे अहवाल वाचताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. किती एकर, त्यातलं किती पाणथळ, गायी किती, कोंबड्या किती, इंग्लंडला गेलेला मुलगा महिन्याला किती पाठवतो, बायकोची तब्येत कशी: सगळं एका पानावर. त्याच वेळी पदक रीतसर दिलं होतं का याचीही पुन्हा तपासणी होई आणि काहींना त्या वयात परत सिद्ध करावं लागे की आपण होतो. तुमच्या घरची अशी फाइल निघाली तर आत्याआजींना दाखवण्याआधी तुम्ही दोघं वाचा. त्या तेव्हा त्या घरात लहान मुलगी किंवा तरुणी असतील आणि त्यात त्यांच्याही कमाईचा आकडा असू शकतो. पणजोबा १९७१ पर्यंत हयात असतील, तर युद्धबंदीच्या पन्नासाव्या वर्षी हयात सैनिकांना दिलेलं आणखी एक पदकही घरात कुठेतरी डब्यात असेल, विचारून बघा.

तुम्ही भारतातल्या म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती याच पेन्शनच्या कथेतली आहे. १९२० च्या जून-जुलैमध्ये ब्रिटिश फौजेतल्या कनॉट रेंजर्सच्या आयरिश सैनिकांनी जालंधर आणि सोलन इथे, आपल्या गावाकडे चाललेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, बंड केलं. सोलनला शस्त्रागारावर चाल करताना दोघे मारले गेले. जेम्स डेली या विशीतल्या पोराला २ नोव्हेंबर १९२० ला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. बाकीच्यांची सुटका १९२३ मध्ये झाली. घरी परतल्यावर त्यांच्यापुढे पेच असा की ते आयआरएचे सैनिक नव्हते, त्यामुळे कोणताच पेन्शन कायदा त्यांना लागू होईना. शेवटी त्यांच्यासाठी १९३६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आयरिश स्वातंत्र्यासाठी भारताच्या मातीवर मेलेला माणूससुद्धा चौकटीबाहेर पडत होता. डेलींचे अवशेष १९७० मध्ये त्यांच्या गावी, टिरल्सपासला आणले.

तुम्ही विचारलं आहे की ते ‘कॉलममध्ये’ होते हे खरं मानायचं का. माझा अंदाज असा: घरात ऐकू येणारं ‘कॉलममध्ये होते’ हे मुळात ‘कॉलमबरोबर होते’ असं असावं. कॉलम गावात आली की वाट दाखवणं, पहारा, सामान वाहणं, दोन-तीन दिवस सोबत आणि मग पुन्हा शेतावर. अशा माणसांच्या नातवंडांनी ती गोष्ट जरा सरळ करून सांगितली, तर तो खोटेपणा नाही. पण हा अंदाज आहे. नामावली आणि कारवायांच्या फायली बघितल्यावर तो बदलला तर मला कळवा. यजमानांना जबानीचं पान आधी वाचायला द्या, नकाराचं पत्र नंतर. क्रमाने फरक पडतो.

आत्याआजींना जरूर सांगा, पण नकाराची बातमी म्हणून नको, प्रश्न घेऊन जा. रात्री कुणी येऊन राहत असे का, कुणाची नावं घरात निघत, अर्जाबद्दल वडील कधी बोलले का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पणजींचं माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव विचारा. कुमान ना मानच्या शाखांच्या याद्याही आर्काइव्हजमध्ये आहेत आणि युद्धाच्या वेळी लग्न झालेलं नसेल तर त्या तिथे माहेरच्या नावाने असतील. पणजोबांची फाइल शोधायला आलेल्या तीन कुटुंबांना माझ्यासमोर पणजींची पेन्शन मंजूर झालेली सापडली आहे, ‘ई’ श्रेणीची, घरात कुणालाही ठाऊक नसलेली. आडनाव कळलं की मला पाठवा, तिसऱ्या ब्रिगेडच्या हद्दीतल्या शाखांच्या याद्या मी तुमच्याबरोबर बसून बघतो.